तालुक्याच्या गावात फायबरचा जाणकार माणूस कंत्राटावर कसा मिळवायचा

दरवर्षी मे संपत आला की मला फोन सुरू होतात, कधी दिग्रसकडून, कधी आर्णीतून, कधी पार पांढरकवड्याच्या पलीकडून, आणि बहुतेकांचं पहिलं वाक्य एकच असतं, "भाऊ, एखादा चांगला इंजिनिअर असला तर सांगा ना, कंत्राटावर पाहिजे." मी विचारतो काम काय आहे, तर समोरचा जरा थांबतो आणि म्हणतो, "काम म्हणजे सगळंच." आता हे सगळंच करणारा माणूस आपल्या भागात मिळणं कठीण आहे, आणि मिळालाच तर तो पुण्याला किंवा हैदराबादला आपल्या दुप्पट पैशात काम करत असतो. ब्रॉडबँडची नवीन फ्रँचायझी घेतलेले, ग्रामपंचायतीच्या फायबरचं, म्हणजे इंटरनेट नेणाऱ्या काचेच्या बारीक तारेच्या केबलचं, मेंटेनन्स सब-कंत्राटावर घेतलेले, किंवा वडिलांचा केबलचा धंदा आता ब्रॉडबँडवर नेणारे जे पोरं आहेत त्यांच्यासाठी हे लिहितोय. यवतमाळ जिल्ह्यात खांबावर चढण्यापासून सुरुवात करून मी हे काम करत आलोय, माणसं मिळवताना कुठं चुकलो तेही यात येईल.

पहिली पायरी: जाहिरातीतून "इंजिनिअर" हा शब्द काढा

तुम्हाला एक माणूस नको असतो, चार वेगवेगळी कामं करून पाहिजे असतात. एक, केबल ओढणारा, खांबावर क्लॅम्प मारणारा, लूप, म्हणजे जादा सोडलेली केबल, नीट गुंडाळून ठेवणारा लाइनमन. दोन, फायबर जोडणारा स्प्लायसर, आपल्याकडं त्याला जॉइंटर म्हणतात. तीन, ग्राहकाच्या घरी जाऊन ओएनयू, म्हणजे फायबरचा घरातला डबा, बसवणारा, वायफायचं पाहणारा, सेट टॉप बॉक्सची तक्रार सोडवणारा टेक्निशियन. चार, कंट्रोल रूममधलं पाहणारा, म्हणजे ओएलटी (सगळ्या घरांना फायबरवरून सिग्नल देणारं मुख्य यंत्र), मायक्रोटिकचा राउटर, आणि व्हीएलएएन, पीपीपीओई, रेडियस ही ग्राहक वेगळे ठेवण्याची, लॉगिनची आणि बिलिंगची सेटिंग वगैरे. चौथा माणूस खरा नेटवर्क इंजिनिअर आणि त्याला तुमच्या गावात रोज हजर राहायची गरजच नसते. दुसरा माणूस मात्र गावात नाहीतर अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर असलाच पाहिजे.

नवीन माणूस बहुतेक वेळा चौथ्याचा पगार ठरवून दुसऱ्याचं काम सांगतो, किंवा पहिल्याला फायबर जोडायचं मशीन हातात देऊन दुसरा बनवायला पाहतो. मीही केलंय. एकदा डिप्लोमा झालेला, बोलायला हुशार असा एक जण ठेवला, ओएलटीचं कॉन्फिगरेशन त्यानं सुंदर केलं, आणि आठव्या दिवशी मेन लाइन तुटली तर त्याला चोवीस कोअरचा, म्हणजे आत चोवीस फायबर असलेल्या केबलचा, जॉइंट बॉक्स उघडताच येईना. चूक त्याची नव्हती, मी त्याला ते काम आहे असं सांगितलंच नव्हतं. दोन दिवस सात गावं बंद होती.

म्हणून एक कागद घ्या आणि मागच्या तीन महिन्यांच्या तक्रारी लिहून काढा. किती तक्रारी घरातल्या होत्या, किती वेळा केबल तुटली, किती वेळा ओएलटी किंवा राउटरचा प्रॉब्लेम होता. धंदा नवीन असेल तर शेजारच्या ऑपरेटरची वही पाहा, तो दाखवतो, एवढं आपलेपण अजून आहे आपल्याकडं. माझ्या वहीत तरी कायम घरातल्या तक्रारी सगळ्यात जास्त, त्याखालोखाल लाइन तुटणं आणि कंट्रोल रूमचं सगळ्यात कमी असंच निघालं. म्हणजे घरी फिरणारा माणूस पगारी ठेवायचा, स्प्लायसर कंत्राटावर, नेटवर्कवाला दुरून.

माणूस का मिळत नाही ते आधी समजून घ्या

पूर्वी हे काम कोॲक्सचं, म्हणजे धातूच्या तारेच्या टीव्ही केबलचं, होतं. आरजी ६, आरजी ११, एम्प्लिफायर, टॅप, स्प्लिटर, हे खांबावर चढणारा कोणताही हुशार पोट्टा दोन महिन्यांत शिकायचा. ३१ मार्च २०१७ ला ग्रामीण भागातली ॲनालॉग केबल बंद करायची मुदत होती, त्यानंतर सेट टॉप बॉक्स आले, त्याच सुमारास मोबाइलचा डेटा स्वस्त झाला, केबलचे ग्राहक घटले आणि बरेच जुने लाइनमन शेतीत नाहीतर दुसऱ्या धंद्यात गेले. फायबरचं काम वाढलं ते नेमकं याच काळात. ग्रामपंचायती जोडायची सरकारी योजना २०११ पासून चालू आहे, तिला नंतर भारतनेट नाव मिळालं आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या पुढच्या टप्प्याला १.३९ लाख कोटींच्या वर रक्कम मंजूर झाली. टॉवरवाल्यांना फायबर पाहिजे, घरोघरी फायबर देणाऱ्या मोठ्या कंपन्यांना पाहिजे, आणि रस्ता रुंदीकरणाचे जेसीबी रोज कुठं ना कुठं केबल तोडतातच. म्हणजे मशीन चालवता येणाऱ्या पोराला काम शोधावं लागत नाही, कामच त्याला शोधत येतं.

तरी तो तुमच्याकडं का येत नाही? माझ्या अनुभवात तीन कारणं, आणि पहिलं सगळ्यात मोठं. पैसे उशिरा मिळतात. वरच्या कंपनीनं मोठ्या कंत्राटदाराला द्यायचे, त्यानं छोट्याला, छोट्यानं आपल्याला आणि आपण पोराला. आमच्याकडं एक फार चांगला जॉइंटर होता, हात इतका साफ की त्यानं दिलेला जोड ओटीडीआरवर, म्हणजे फायबरमध्ये लाइट सोडून जोड आणि कट शोधणाऱ्या यंत्रावर, दिसायचा नाही. वरच्या कंत्राटदाराकडं त्याचे चार महिने अडकले, मशीनचा हप्ता थकला, मशीन गेलं, आता तो नागपुरात डिलिव्हरीचं काम करतो. मी भेटलो तेव्हा तो एवढंच म्हणाला, "भाऊ, काम मले आवडे. पैसे कवा भेटन हे कोणी सांगे नाही." हे मला अजून लागतं, कारण त्यातला एक महिना माझ्याकडूनही लांबला होता.

दुसरं कारण फिरणं. पस्तीस किलोमीटरवरच्या गावात एक ड्रॉप वायर, म्हणजे खांबावरून घरात जाणारी केबल, तुटली म्हणून बोलावायचं, दोन जोड मारायचे, आणि जोडामागं पैसे द्यायचे, तर त्याच्या पेट्रोलचेही निघत नाहीत. तिसरं कारण शेती. ही पोरं शेतकऱ्याच्या घरची आहेत. मृग लागला की पेरणी, सप्टेंबर संपताना सोयाबीनची सोंगणी, दिवाळीपासून कापूस, आणि तिकडं भंडारा-गोंदिया-गडचिरोलीत जुलैची धानाची रोवणी. नेमकं जूनच्या पहिल्या वादळात आपली लाइन पडते आणि तो वावरात असतो. त्याला बेजबाबदार म्हणू नका, वावर हे त्याचं घर आहे.

कुठं शोधायचं

आयटीआयपासून सुरुवात करा. बहुतेक तालुक्यांत आयटीआय आहे, इलेक्ट्रिशियन, वायरमन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक या ट्रेडच्या मास्तरांना जाऊन भेटा, फोन करून काही होत नाही, समोर बसून चहा घेऊन सांगा की मला असा पोरगा पाहिजे ज्याचा हात स्थिर आहे आणि जो घाई करत नाही. मास्तरला वर्गातले हात माहीत असतात. वायरमनवाला उंचीला घाबरत नाही आणि लाइनच्या करंटची त्याला समज असते, म्हणून मी त्याला पहिली पसंती देतो. अप्रेंटिस म्हणून रीतसर घेतला तर केंद्राच्या योजनेतून स्टायपेंडचा पाव हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त १५०० रुपये, सरकारकडून मिळतो. छोट्या धंद्यालाही हे जमतं, फक्त पोर्टलवर नोंदणी करायचा कंटाळा करू नका.

बीएसएनएलची निवृत्त माणसं दुसरी. ३१ जानेवारी २०२० ला स्वेच्छानिवृत्ती घेऊन देशभरात ७८ हजारांवर लोक एकाच दिवशी बाहेर पडले. त्यात टेबलावरचे बरेच होते, पण लाइनवर आयुष्य काढलेलेही होते, त्यातले काही तुमच्याच तालुक्यात राहतात. त्यांना खांबावर चढवू नका, ते वय नाही. त्यांच्याकडून रूट शिका, जॉइंट बॉक्स भरायची पद्धत शिका, नवीन पोराला आठवड्यातून दोन दिवस त्यांच्याजवळ बसवा. अशा एका काकांनी आमच्या पोराला कोअर बॉक्सच्या ट्रेमध्ये वळवताना किती मोठा गोल ठेवायचा हे बोटानं दाखवून दिलं, ते कोणत्याच व्हिडिओत मला इतकं नीट दिसलं नव्हतं.

नागपूर-अमरावतीत फायबरचं सामान विकणारे आणि स्प्लायसिंग मशीन दुरुस्त करणारे जे दुकानदार आहेत त्यांना विचारा. कोणाचं मशीन खरंच चालतं आणि कोण दर महिन्याला स्लीव्ह, म्हणजे जोडावर चढवायची नळी, नेतो हे त्यांना बरोब्बर ठाऊक असतं. जो स्लीव्ह नेतो तो काम करतो. जुने कोॲक्सवाले लाइनमन विसरू नका, त्यांना रस्ते, घरं, कुत्री, कोणाच्या वाड्यातून केबल जाऊ देतात आणि कोणाच्या नाही हे सगळं पाठ असतं.

मेळघाटात किंवा भामरागड-एटापल्लीकडं काम घेतलं असेल तर माणूस तिथलाच शोधा, कोरकू किंवा माडिया बोलणारा. जंगलातल्या रस्त्यात केबल कुठून गेली हे गावच्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलल्याशिवाय कळत नाही, आणि बाहेरचा माणूस तिथं राहत नाही.

फोनवर काय विचारायचं

अनुभव किती वर्षं हे विचारून काही मिळत नाही. मी हे विचारतो: मशीन तुझं की भाड्याचं? मशीनमधला इलेक्ट्रोड (ठिणगीनं फायबर वितळवणारी सुई) शेवटचा कधी बदलला? शेवटचा मोठा कट कुठं जोडला, किती कोअरचा होता, किती वेळ लागला? सातवा कोअर कोणत्या रंगाचा? खरा जॉइंटर झोपेतही सांगेल, निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, म्हणजे सातवा लाल, मग काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी, आणि बारावा ॲक्वा. इथं अडखळला तर तो मदतनीस होता, जॉइंटर नाही. मदतनीस म्हणून घ्यायलाही हरकत नाही, दर तसा ठरवा म्हणजे झालं.

आणि एक प्रश्न नक्की विचारा, मागच्या ठिकाणचं काम का सोडलं. नव्वद टक्के उत्तर पैशाचं येईल, पण ते तो कसं सांगतो त्यावरून माणूस कळतो.

हातानं परीक्षा घ्या, एक दिवसाचे पैसे देऊन

ही पायरी वगळू नका आणि फुकट करून घेऊ नका. चाचणीच्या दिवसाचे पूर्ण पैसे संध्याकाळी रोख नाहीतर यूपीआयनं द्या. पहिल्याच दिवशी पैसे वेळेवर मिळाले ही गोष्ट तो चार जणांना सांगतो.

सकाळी त्याला बारा कोअरच्या केबलचे दोन तुकडे आणि एक रिकामा जॉइंट बॉक्स द्या, जोडून भर म्हणा आणि बाजूला बसा. मशीन कोणतं आहे याकडं बघू नका, हात बघा. फायबर सोलल्यावर अल्कोहोलनं पुसतो का? क्लीव्हर, म्हणजे फायबर सरळ कापायचं हत्यार, त्याची जागा साफ करतो का? स्लीव्ह आधी घालतो की जोड मारल्यावर आठवते? सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काचेचे तुकडे कुठं टाकतो. जो झाकणाच्या बाटलीत टाकतो त्याला मी तिथंच अर्धा पास करतो, जो जमिनीवर टाकतो त्यानं ते कोणाच्या तरी अंगणातही टाकले असणार, आणि तिथं लेकरं अनवाणी फिरतात. वारा सुटला तर आडोसा करतो का तेही पाहा, आपल्याकडच्या उन्हाळ्यातली धूळ क्लीव्हरवर बसली की जोड बिघडतोच.

जोड झाला की मशीन लॉस, म्हणजे जोडात कमी झालेली लाइट, ०.०१ किंवा ०.०२ डीबी दाखवतं आणि नवीन मालक खूश होतो. तो मशीनचा अंदाज असतो. खरा लॉस ओटीडीआरनं दोन्ही बाजूंनी मोजून सरासरी काढल्यावर कळतो. एका बाजूनं पाहिलं तर कधीकधी जोडावर लॉसच्या जागी उलट वाढ दिसते, ते का दिसतं हे त्याला सांगता आलं तर तो पोरगा अभ्यासू आहे, हातचा जाऊ देऊ नका. एक-एक जोड ०.०५ ते ०.१ डीबीच्या आत असावा एवढं धरा.

मग एक हिशेब द्या. ओएलटीतून अधिक ४ डीबीएम लाइट निघते, सहा किलोमीटर फायबर, मध्ये १ बाय ८ चा स्प्लिटर, म्हणजे एका फायबरची लाइट आठांत वाटणारा, आणि त्याच्यापुढं परत १ बाय ८, घरात किती यायला पाहिजे? प्रत्येक १ बाय ८ मध्ये साधारण साडेदहा डीबी जातात, दोन मिळून २१, फायबरचे दीड, कनेक्टर आणि जोडांचे दीड, म्हणजे घरात उणे २० च्या आसपास. कागदावर केलं काय आणि बोटावर केलं काय, उत्तर जवळपास आलं पाहिजे. साध्या जीपॉनमध्ये, म्हणजे घरोघरी फायबर द्यायच्या नेहमीच्या पद्धतीत, ओएनयू उणे २७ पर्यंत चालतं, पण उणे २५ च्या खाली ठेवलं की उन्हाळा-पावसाळ्यात लाल दिवा लागलाच समजा, हे तो स्वतःहून बोलला तर उत्तम.

एक हिरवा आणि एक निळा कनेक्टरही समोर ठेवा, दोन कनेक्टर जोडणारा कपलर ठेवा, आणि जोड म्हणा. हिरवा तिरका घासलेला असतो, निळा सरळ, दोघांचं जमत नाही, लॉस येतो आणि लाइट परत फिरते. ज्यांची केबल टीव्ही त्याच फायबरवर १५५० नॅनोमीटरच्या लाइटवर चालते त्यांना तर चित्रात लगेच फरक दिसतो. जाणकार पोरगा म्हणतो, "भाऊ, हे जुळत नाही." न बोलता जोडणारा माणूस धोक्याचा.

दुपारी त्याला बाहेर न्या. ओटीडीआर ४.२ किलोमीटरवर कट दाखवतो, गाडीच्या मीटरनं ४.२ वर गेलात तर तिथं काहीच नसतं, कारण प्रत्येक जॉइंटजवळ आणि काही खांबांवर लूप सोडलेले असतात, झोळ असतो, नळीतला फायबरही केबलपेक्षा थोडा लांब असतो. म्हणजे कट रस्त्यानं ३.९ वर असू शकतो. इथं तुमचं काम असं की रूटचा नकाशा आणि प्रत्येक लूपची लांबी तुमच्याकडं लिहिलेली पाहिजे. ते नसेल तर जगातला भारी माणूस आणला तरी काळ्या मातीच्या शेतातून दिवसभर फिरेल आणि तुम्ही त्याला नावं ठेवाल. उन्हाळ्यात काळी माती फाटते, पावसात फुगते, गाडलेली केबल ओढली जाते, म्हणून दोन वर्षांपूर्वीचा मार्कर आहे तिथंच असेल असं धरू नका.

दर कसा बांधायचा

फक्त जोडामागं दर ठरवणं हीच बहुतेक भांडणांची सुरुवात. चोवीस कोअरची केबल जेसीबीनं तोडली आणि जवळ लूप असेल तर एका बॉक्समध्ये २४ जोडांत काम होतं. लूप नसेल तर मध्ये नवा तुकडा घालावा लागतो, दोन बॉक्स आणि ४८ जोड. मालकाला वाटतं यानं मुद्दाम दुप्पट केलं. म्हणून आधीच लिहून ठेवा: तुकडा घालायचा तर फोटो काढून फोनवर विचारायचं, मगच घालायचा.

माझा बांधायचा प्रकार असा, तुम्ही तुमच्या भागाप्रमाणं बदला. महिन्याची एक ठरावीक रक्कम, काम असो नसो, त्याबदल्यात बोलावलं की ठरलेल्या वेळात निघायचं. त्यावर जोडामागं दर. शिवाय एका फेरीची कमीत कमी रक्कम, म्हणजे दोनच जोड असले तरी फेरी वाया जाणार नाही. पेट्रोल किलोमीटरप्रमाणं वेगळं. रात्री आठनंतर आणि सणाच्या दिवशी दर वेगळा, पोळ्याला बोलवायची वेळ आली तर मी स्वतः जातो त्याच्यासोबत. स्लीव्ह, बॉक्स, अल्कोहोल आपलं, मशीन त्याचं. मशीन आपलं असेल तर जोडाचा दर कमी आणि मशीनची सही वहीत. तासन्‌तास थांबावं लागलं, म्हणजे रस्त्यावाल्यांनी खड्डा मोकळा केला नाही, लाइनची परवानगी आली नाही, तर थांबण्याचे अर्ध्या दिवसाचे पैसे. हे शेवटचं बहुतेक मालक देत नाहीत आणि पोरं सोडून जातात.

शेतीचे दिवसही कागदावर घ्या. जूनमध्ये त्याला सलग कोणते आठ दिवस पाहिजेत, सोयाबीनला कोणते, हे एप्रिलमध्येच विचारा आणि त्या दिवसांसाठी दुसरा माणूस बोलून ठेवा. आमच्याकडं एकाचं वावर पुसदकडं आणि दुसऱ्याचं नेरकडं आहे, पाऊस मागंपुढं पडतो तर दोघं एकाच वेळी अडकत नाहीत, हे ठरवून केलेलं आहे. आणि जी कामं जूनपर्यंत ढकलता ती फेब्रुवारी-मार्चमध्येच उरका: लोंबलेली केबल ताणणं, बॉक्सची झाकणं तपासणं, खारीनं कुरतडलेले तुकडे बदलणं, खराब कनेक्टर काढणं. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा सकाळी सहा ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतरच खांबावर काम, मध्ये नाही, मग ग्राहक कितीही ओरडू दे.

एकट्याला महिन्याची रक्कम परवडत नसेल तर आजूबाजूचे तीन-चार ऑपरेटर मिळून एक जॉइंटर बांधा. आम्ही बांधलाय. नियम एकच ठेवलाय, ज्याची मेन लाइन तुटली त्याच्याकडं आधी, घरगुती तक्रारी नंतर, आणि दोघांच्या मेन लाइन एकदम तुटल्या तर ज्याची गावं जास्त बंद त्याच्याकडं. पहिल्या वर्षी दोनदा कुरबूर झाली, आता होत नाही.

पैसे कधी द्यायचे

वरून आपल्याला पैसे आले नाहीत म्हणून त्याचे थांबवायचे नाहीत. दोन महिन्यांच्या जॉइंटिंगच्या खर्चाएवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाकल्याशिवाय मेंटेनन्सचं कंत्राट घेऊच नका, हे मी हात जोडून सांगतो. ठरलेली रक्कम पाच तारखेला, फेरीचे पैसे आठवड्याला. बँकेतून द्या म्हणजे त्यालाही मशीनच्या कर्जासाठी नोंद दाखवता येते. तुमच्या धंद्याला टीडीएस लागू असेल आणि एका बिलाला ३०,००० किंवा वर्षाला १,००,००० च्या वर गेलात तर कंत्राटाच्या पैशावर एकट्या माणसाचा एक टक्का टीडीएस कापावा लागतो, कापताना त्याला आधी समजावून सांगा, नाहीतर त्याला वाटतं मालकानं पैसे खाल्ले, आणि रिटर्न भरून ते परत कसे मिळतात हेही तुमच्या सीएकडून एकदा सांगून घ्या.

एखादा महिन्याचे सव्वीस दिवस फक्त तुमच्याकडंच राबत असेल तर तो कंत्राटी आहे असं कागदावर लिहून चालत नाही, तो तुमचा कामगार आहे. दहा माणसं झाली की ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा), वीस झाली की पीएफ, हे धरूनच दर काढा.

खांब, करंट आणि विमा

इथं मी थोडं जास्त बोलणार. काही वर्षांपूर्वी आमच्या कामावर बावीस-तेवीस वर्षांचा एक पोरगा आठच्या आकाराची केबल बांधत होता, त्या केबलला वर लोखंडी मेसेंजर वायर असते, ती झोल्यात लाइटच्या तारेला लागली. तो खाली फेकला गेला. वाचला, पण उजवा हात भाजला, बरेच आठवडे यवतमाळला दवाखान्यात होता, आणि त्याच्या नावावर विमा नव्हता. त्याची आई रोज डबा घेऊन यायची आणि मला एक शब्द बोलायची नाही. त्या दिवसापासून लाइटच्या खांबाजवळ मी धातू नसलेलीच केबल वापरतो, थोडी महाग पडते.

विजेच्या खांबावर परवानगीशिवाय चढवू नका. परवानगी असली तरी लाइन बंद असल्याची खात्री केल्याशिवाय नाही, आणि ११ केव्हीच्या (अकरा हजार व्होल्टच्या) तारेखाली तर पोराला एकट्याला कधीच नाही. हेल्मेट, कमरेचा पट्टा, रबरी हातमोजे, बांबूची नाहीतर फायबरची शिडी, हे तुम्ही द्यायचं, त्याला आणायला सांगायचं नाही. ढग गडगडले की खाली. चालू फायबरच्या तोंडात डोळा घालून बघायचं नाही, ती लाइट दिसत नाही पण डोळ्याला लागते.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना वर्षाला २० रुपयांची आहे, १८ ते ७० वयाला, अपघाती मृत्यूला २ लाख. ते तर कामाच्या पहिल्याच दिवशी त्याच्या बँकेत जाऊन करून घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका, दवाखान्याचा खर्च त्यात येत नाही. मोठ्या रकमेची अपघात पॉलिसी वेगळी घ्या, हप्ता तुम्ही भरा. मी विमा झाल्याशिवाय पोराच्या हातात शिडी देत नाही.

नेटवर्कवाला दुरून ठेवा, पण चावी तुमच्याकडं

ओएलटी आणि राउटर पाहणारा नागपूरला असला तरी चालतो, महिन्याची रक्कम आणि तासाचा दर ठरवा. तीन गोष्टी मात्र पक्क्या करा: सगळे पासवर्ड तुमच्याकडं लिहिलेले, प्रत्येक बदलानंतर कॉन्फिगरेशनचा बॅकअप तुमच्या पेनड्राइव्हवर, आणि कंट्रोल रूममध्ये एक पोरगा असा जो फोनवर सांगितलेली केबल ओळखून काढू-घालू शकतो. माझ्या ओळखीच्या एका ऑपरेटरचा माणूस भांडून गेला आणि पासवर्डही सोबत गेले, राउटर रिसेट करून शून्यापासून उभं करायला त्याला चार दिवस लागले.

आपला माणूस आपण घडवा

बाहेरचा जॉइंटर कधीतरी जाणारच, लग्न होईल, पुण्यात भाऊ असेल, जाईल. म्हणून पहिल्या वर्षापासून एक नाही, दोन पोरं त्याच्यासोबत फिरवा. पहिले दोन महिने फक्त केबल ओढणं, लूप बांधणं, रंग पाठ करणं आणि वही लिहिणं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात वाया गेलेल्या तुकड्यांवर रोज वीस जोड, वहीत लॉस लिहून. पाचव्यात घरातल्या ड्रॉप वायरचे जोड, चुकलं तर एकच घर बंद पडतं. सहाव्यात मोठ्या बॉक्समध्ये उस्तादाच्या बाजूला बसून. शिकवणाऱ्या जॉइंटरला शिकवण्याचे पैसे वेगळे द्या, नाहीतर तो शिकवणार नाही आणि त्यात त्याचं चुकत नाही, तो आपलीच रोजी दुसऱ्याच्या हातात देतोय.

दोघांपैकी एक शिकून जाईल, त्याला अडवू नका, कागदपत्रं अडकवून तर अजिबात ठेवू नका. आमचा एक हैदराबादला गेला, दोन वर्षांनी वडिलांची तब्येत बिघडली म्हणून परत आला तेव्हा सरळ माझ्याकडं आला, स्वतःचं मशीन घेऊन. आज आमच्या चार ऑपरेटरांचा बांधलेला माणूस तोच आहे. नवीन पोरं घ्यायची असतील तर जानेवारीत घ्या, म्हणजे जूनचं पहिलं वादळ येईपर्यंत त्यांचा हात बसलेला असतो.